सात-बाराला नोटीस मिळते, रुग्णाला का नाही?

सरकारला रस्त्यासाठी कोणाची दोन गुंठे जमीन घ्यायची असेल, तर २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात छापावी लागते. ती त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांतही द्यावी लागते, आणि त्यांपैकी एक दैनिक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. शिवाय ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत व जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक भाषेतला मजकूर लावावा लागतो. ही काही आजची उदारता नव्हे. १८९४ च्या जुन्या कायद्यातही १९८४ च्या दुरुस्तीने प्रादेशिक भाषेतले वर्तमानपत्र आलेले होते. नोटिशीत त्रुटी राहिली म्हणून अख्खी संपादन प्रक्रिया न्यायालयात कोसळते, हे प्रत्येक महसूल अधिकाऱ्याला ठाऊक असते.

आता त्याच शेतकऱ्याच्या देहावर एखाद्या नव्या औषधाची चाचणी व्हायची आहे असे समजू. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद सार्वजनिक व्हावी लागते, हे खरे. त्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २० जुलै २००७ रोजी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया ही नोंदवही महाजालावर खुली केली, आणि १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी तीत नोंद करणे सक्तीचे केले. नोंदवही फुकट आहे, कोणालाही पाहता येते. फक्त ती इंग्रजीत आहे, आणि ते इंग्रजीही असे की इंग्रजीत पदवी घेतलेल्या माणसाने दोनदा वाचावे.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. रुग्णालयात होऊ घातलेल्या प्रत्येक चाचणीची एक पानाची, साध्या बोलीतली, स्थानिक भाषेतली जाहीर सूचना पहिला रुग्ण दाखल करून घेण्याआधी रुग्णालयाच्या दारावर व संकेतस्थळावर लागली पाहिजे. ती लागत नाही, यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही. आपल्या व्यवस्थेला जमिनीच्या मालकाची भीती वाटते, देहाच्या मालकाची वाटत नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

शीर्षकाचे मराठी करून पाहू

नोंदवहीत प्रत्येक चाचणीला दोन शीर्षके द्यावी लागतात : एक शास्त्रीय आणि एक सार्वजनिक. सार्वजनिक शीर्षकाची कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक नोंदींत शास्त्रीय शीर्षकच चार शब्द गाळून सार्वजनिक म्हणून दिलेले आढळते. असे शीर्षक साधारणपणे ‘रँडमाइज्ड, डबल ब्लाइंड, प्लासिबो कंट्रोल्ड, मल्टिसेंटर, फेज थ्री स्टडी’ या धाटणीचे असते. ज्या चाचण्या अजून सुरू व्हायच्या आहेत त्यांच्यापुढे ‘नॉट येट रिक्रूटिंग’ असा शेरा असतो. यातला एकेक शब्द उकलून पाहू या.

रँडमाइज्ड म्हणजे कोणाला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरते. डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही ठरवत नाही, संगणक ठरवतो. डबल ब्लाइंड म्हणजे तुम्हाला नवे औषध मिळते आहे की दुसरे काही, हे तुम्हालाही सांगितले जात नाही आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. प्लासिबो म्हणजे दिसायला हुबेहूब औषधासारखी, पण आत औषध नसलेली गोळी. मल्टिसेंटर म्हणजे हीच चाचणी अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणार आहे. पहिल्या टप्प्यात बहुधा मूठभर निरोगी माणसांना औषध देऊन ते कितपत झेपते हे पाहतात. दुसऱ्यात शे-दोनशे रुग्णांवर मात्रा व परिणाम तपासतात. तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्णांवर जुन्या उपचाराशी तुलना करतात, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा असतो.

वरचा परिच्छेद लिहायला मला दहा मिनिटे लागली. त्यात एकही शास्त्रीय सत्य बिघडलेले नाही, आणि सातवी शिकलेल्या माणसाला तो समजेल. मग हे काम रुग्णालयांना का जमू नये?

भाषांतर म्हणजे भाषा नव्हे

यावर लगेच उत्तर येते की २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत द्यावेच लागते. नियम आहे आणि नियमाची भाषा चांगली आहे. त्याचे पालन कसे होते, ते पाहा.

येथे शंकर नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त मराठी गृहस्थांनी मागे मला एक संमतीपत्र दाखवले. रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे कागद बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातले असतात. पाने पंधराच्या वर, भाषा हिंदी. चाळीस वर्षे हिंदीत टिपणे लिहिलेला हा माणूस ‘यादृच्छिकीकृत’, ‘द्वि-अंध’ आणि ‘कूटभेषज’ या तीन शब्दांपाशी थबकला होता. पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. “अहो, यात नॉमिनी कशाला विचारलाय? ही काय मुदत ठेव आहे?”

प्रश्न बिनतोड होता. नियमांनी ठरवून दिलेल्या नमुन्यात सहभागी व्यक्तीचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्ती विचारलेली असते. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, यासाठी ती नोंद लागते. म्हणजे संपूर्ण कागदात मृत्यूची शक्यता सर्वांत स्पष्टपणे सांगणारी जागा ही एक रिकामी रेघ होती, आणि ती का आहे हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पुढे काय करायचे ते त्यांचे त्यांनी ठरवले. माझा आक्षेप त्या रेघेला नाही, तिच्याविषयीच्या मौनाला आहे.

भरपाईचे गणित सांगितले असते तर रुग्णाला बरेच काही कळले असते. नियमांतले सूत्र असे : आठ लाख रुपये ही पायाभूत रक्कम. तिला वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचे व ९९.३७ ने भागायचे. जोखमीचा गुणक निरोगी स्वयंसेवकाला ४, तर सहा महिन्यांहून अधिक जगण्याची आशा नसलेल्या रुग्णाला ०.५. वयाचा गुणक सोळा किंवा त्याखालच्या वयाला २२८.५४ आणि पासष्टीपुढे ९९.३७. म्हणजे मरणासन्न वृद्धाच्या वारसाला चार लाख, आणि निरोगी किशोराच्या वारसाला सुमारे ७३ लाख ६० हजार. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के वा अधिक असेल, तर सरसकट दोन लाख. सूत्र न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल. परंतु ज्याच्या प्राणाचे मूल्य ठरले आहे, त्यालाच ते ठाऊक नसावे हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

बाजार आणि अज्ञान

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही बटाट्या-कांद्यासारखी वस्तू नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, आणि म्हणून येथे विश्वासाला किंमत येते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सांगितले की माहिती एकाच बाजूला साचली की सौदे बिघडतात आणि शेवटी चांगला विक्रेताही बदनाम होतो. चाचणीच्या बाबतीत हे दोन्ही एकत्र येतात. एका बाजूला प्रायोजक कंपनी, तिचे वकील, विमा कंपनी, संशोधक आणि नैतिकता समिती; दुसऱ्या बाजूला खाटेवरचा रुग्ण आणि त्याचा पाव्हणा. त्यात भर अशी की जो डॉक्टर त्याच्यावर उपचार करतो, तोच त्याला चाचणीत यायला सांगतो. रुग्णाला वाटते, हा नवा उपचार माझ्यासाठी निवडला आहे. वस्तुतः उपचारात रुग्णाचे हित हा हेतू असतो, चाचणीत पुढच्या रुग्णांसाठी ज्ञान मिळवणे हा हेतू असतो. दोन्ही हेतू चांगलेच आहेत; ते वेगळे आहेत हे मात्र सांगितले पाहिजे, आणि तेही ताप चढलेला असताना रात्री अकरा वाजता सांगून भागणार नाही. म्हणूनच संमतीपत्राच्या आधी जाहीर सूचना हवी.

उस्मानाबाद, खम्मम आणि सर्वोच्च न्यायालय

कोणी म्हणेल की हा चाचण्यांचा विरोधक दिसतो. मुळीच नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे ते काम. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया ५२ गटांतून त्यात घेतल्या गेल्या. तीन प्रकारच्या तपासण्यांची तुलना करायची होती, आणि चौथ्या भागातल्या स्त्रियांना तपासणी न करता नेहमीची सेवाच मिळणार होती. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही तपासणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजार स्त्रियांत ६४. या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला मराठवाड्यातल्या बायकांनी दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही तपासणीलाच प्राधान्य दिले, त्यामागे ज्या अभ्यासांचा आधार आहे त्यांत हा अग्रगण्य आहे.

तपासणीविना ठेवलेल्या गटाविषयी पुढे देश-परदेशांत वाद झाला. एक बाजू म्हणते की तेव्हा त्या भागात तपासणी कोणालाच मिळत नव्हती, म्हणून कोणाचे काही हिरावले गेले नाही. दुसरी म्हणते की जी गोष्ट उपयोगी आहे असा अंदाज होता, ती न देता माणसे मोजत राहणे योग्य नव्हे. मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचे आहे. निकाल अमेरिकेतल्या नियतकालिकात इंग्रजीत आला. ज्या गावांनी तो निकाल दिला, त्या गावांच्या चावडीवर तो मराठीत लावण्याची सक्ती आपल्या कोणत्या नियमात होती? तेव्हा नव्हती, आणि २०१९ च्या नियमांतही नाही. युरोपीय संघाने मात्र ५३६/२०१४ क्रमांकाच्या नियमाने, जो ३१ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, प्रत्येक चाचणीचा सामान्य माणसासाठीचा सारांश देणे बंधनकारक केले. अमेरिकेच्या सुधारित नियमांत संमतीपत्राच्या आरंभीच मुख्य मुद्दे थोडक्यात व सुटसुटीत मांडावे लागतात.

दुसरे उदाहरण खम्ममचे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये बडोद्याला १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस दिली गेली. त्याला चाचणी न म्हणता ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटले होते. खम्ममला अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. सात मुलींचे मृत्यू झाले, एप्रिल २०१० मध्ये काम थांबवले गेले. मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत म्हटले गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदीय स्थायी समितीच्या ७२ व्या अहवालाने या प्रकाराची कठोर शब्दांत झाडाझडती घेतली. पण परिणाम काय झाला? एका उपयुक्त लसीभोवती संशयाचे धुके वर्षानुवर्षे राहिले. आई-बापांना आधीच साध्या तेलुगूत सर्व सांगितले असते, तर संशोधकांचेही संरक्षण झाले असते.

तिसरे, इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची २०१२ ची याचिका. तिच्यात केंद्र सरकारनेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात नव्या रासायनिक औषधांच्या ४७५ चाचण्यांत २,६४४ मृत्यू झाले आणि त्यांपैकी ८० चाचणीमुळे झाल्याचे मानले गेले. उरलेले मृत्यू मूळ रोगाचे, असे म्हणता येते. अत्यवस्थ रुग्ण मरतातही. परंतु ८० आणि २,६४४ यांमधली रेघ कोणी, कशी ओढली हे सांगणारा एकही कागद मृतांच्या घरच्यांना वाचता येईल असा नव्हता. त्या याचिकेनंतर भरपाईचे नियम आले आणि दुर्बल गटांच्या संमतीचे दृक्-श्राव्य चित्रण आले. भाषा तेवढी राहिली.

छत्तीसगडला हे का झोंबते

रायपूरला मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यातून रुग्ण येतात. टाटीबंधचे एम्स असो की आंबेडकर रुग्णालय, बाकावर बसलेल्यांत हिंदी, छत्तीसगढी, हलबी, गोंडी, ओडिया आणि गोंदियाकडची मराठी एकाच वेळी ऐकू येते. याच पट्ट्यात सिकल सेलचा आजार खोलवर आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या शहडोलहून सुरू झाले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या देशी जनुकोपचाराची घोषणा झाली. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण जनुकोपचाराच्या ज्या पद्धतीला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली, तिच्यात रुग्णाच्या मूलपेशी काढून, दुरुस्त करून परत घालण्याआधी जहाल औषधाने त्याची अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात कायमचे वंध्यत्व येण्याचा धोका असतो. बस्तरच्या वीस वर्षांच्या मुलाला ‘एकदाच इलाज’ एवढे दोन शब्द गोंडीत कळले आणि ‘मूल होणार नाही’ हे तीन शब्द इंग्रजीतच राहिले, तर त्याला संमती म्हणायचे का? उद्या अशा चाचण्या येथे होतील तेव्हा हा प्रश्न दारात उभा असेल.

अंगठ्याच्या संमतीची किंमत छत्तीसगडने मोजलेली आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळच्या नसबंदी शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढे १३ जणी दगावल्या. ती चाचणी नव्हती; पण संमतीचा कागद तसाच होता. २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून द्या आणि विचार करायला पुरेसा वेळ द्या.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप, लोक घाबरतील आणि चाचणीला माणसे मिळणार नाहीत. खरे सांगितल्यावर जो येत नाही, त्याला खरे न सांगता आणणे याला मराठीत फसवणूक म्हणतात. दुसरा, अशिक्षितांना हे कळत नाही. ज्या बाईला बचतगटाचे व्याज, भिशीची पाळी आणि शिधापत्रिकेचे नियम कळतात, तिला चिठ्ठी टाकणे कळत नाही काय? तिसरा, व्यापारी गुपिते फुटतील. इंग्रजीत जगभर जाहीर झालेली गोष्ट मराठीत आली की गुपित कशी होते? चौथा, खर्च. एका चाचणीच्या अंदाजपत्रकात एका पानाचे चार भाषांतले लेखन शोधूनही सापडणार नाही.

आणि कायदा नवा करायचीही गरज नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ चे कलम ४(४) सांगते की स्वतःहून द्यायची माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा रीतीने पोहोचवावी. सरकारी रुग्णालय हे त्या कायद्याखालचे सार्वजनिक प्राधिकरण आहे. खासगी रुग्णालयांसाठी औषध महानियंत्रकांनी परवानगीतच एक अट घालावी.

सूचनेत सात प्रश्नांची उत्तरे असावीत :

१. काय तपासायचे आहे, आणि ते पूर्वी किती माणसांना दिले गेले आहे?
२. या आजारावर आज कोणता उपचार उपलब्ध आहे? चाचणीत तो मिळेल की थांबेल?
३. चिठ्ठीत दुसरे काय येऊ शकते?
४. आजवर कळलेले धोके कोणते? सर्वांत वाईट काय होऊ शकते?
५. पैसा कोणाचा आहे?
६. इजा झाल्यास उपचार व भरपाई कशी, आणि नॉमिनी का विचारतात?
७. नाही म्हटले किंवा मध्येच सोडले, तर नेहमीच्या उपचारात काही फरक पडेल का? तक्रार कोणाकडे करायची?

नियमांप्रमाणे नैतिकता समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत एक सामान्य व्यक्ती असावी लागते. बहुतेक ठिकाणी या सदस्याचे काम चहा घेऊन सही करणे एवढेच उरते. त्याला खरे काम द्या. त्याने सूचना वाचून ‘मला समजली’ असे स्वहस्ते लिहिल्याशिवाय ती लागू नये, आणि ती लागल्याशिवाय पहिला रुग्ण घेतला जाऊ नये. चाचणी संपल्यावर वर्षाच्या आत निकालही त्याच फलकावर, त्याच भाषेत यावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना शेवटी एक विनंती. रायपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथला मराठी माणूस दोन-तीन भाषांत सहज वावरतो. आपापल्या शहरातल्या रुग्णालयांच्या ‘नॉट येट रिक्रूटिंग’ असा शेरा असलेल्या नोंदी उघडा. त्यांतली एक घ्या आणि वरच्या सात प्रश्नांची उत्तरे स्थानिक भाषेत एका पानावर लिहा. ज्यांची उत्तरे नोंदीत सापडणार नाहीत, ती त्या नोंदीतच दिलेल्या संपर्क अधिकाऱ्याला पत्राने विचारा. सरकारी रुग्णालय असेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले की ते येथल्या चौबे कॉलनीतल्यासारख्या आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या फलकावर लावा. दहा शहरांतून अशी दहा पाने लागली, की अकरावे पान रुग्णालयाला स्वतःच लावावे लागेल.